तेलाचा हात

घोड्यांचा व्यापारी फाटकातून आत आला तेव्हा विकायला काढलेल्या थोरल्याचे चारही पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने बरबटलेले होते. त्याची निगा राखणाऱ्या मोतद्दारानेच सकाळी त्याला डबक्यातून दोनदा फिरवून आणलं होतं. खुरांवर झालरीसारख्या रुळणाऱ्या ज्या पांढऱ्या केसांना आठ वर्षं रोज तेल मिळालं, त्यांच्या आज चिखलाने जटा झाल्या होत्या. अंगाला चार दिवस खरारा नव्हता. एवढ्या देखण्या घोड्याचं असं ध्यान करताना मोतद्दाराचा जीव तीळतीळ तुटला होता. पण घोडा आधी डोळ्यांनी घेतात. डोळ्यांत भरलाच नाही तर नेईल कोण? थोरला घाणेरडा दिसला तरी चालेल, पण राहू दे, एवढंच त्याला हवं होतं.

एरवी महिनोन्महिने तबेल्याकडे न फिरकणारा मालक ते पाय बघून चरफडला. तेल का लावलं नाही, असं त्याने दबक्या आवाजात विचारलं. डबा संपला म्हणून मोतद्दाराने सांगितलं. भरलेला डबा गवताच्या ढिगात होता.

व्यापारी म्हातारा होता आणि त्याला कसलीच घाई नव्हती. घोड्याभोवती एक फेरी मारून त्याने नाक मुरडलं. मोतद्दाराच्या जिवात जीव आला. तेवढ्यात म्हातारा थोरल्याच्या पुढ्यात उकिडवा बसला.

समोर माणूस असा बसला की तेल लागणार, हे थोरल्याला पक्कं ठाऊक. लाथ घाल, मोतद्दार मनातल्या मनात म्हणाला. थोरल्याने शहाण्यासारखा पाय पुढे केला.

म्हाताऱ्याने चिखलाचे पोपडे फोडले, केसांच्या मुळाशी बोटं घातली, कातडी चाचपली. मग बोटं नाकाशी नेली.

"असल्या केसाळ पायांना आतून खरूज लागते, वरून कळत नाही," तो म्हणाला. "इथे एक खपली नाही. हे चार दिवसांचं काम नव्हे, वर्षानुवर्षांचं तेल आहे. घोडा मी घेतला."

मोतद्दाराला आपल्याच हातांचा राग आला.

हात पुसत म्हाताऱ्याने विचारलं, तेल कोण लावतं? असा माणूस मिळाला तर घोड्याबरोबर त्यालाही ठेवून घेईन. मालक आयत्या बिळावरचा नागोबा. मीच लावतो, दुसऱ्या कुणाला तो पायाला हात लावू देत नाही, असं त्याने बेधडक सांगून टाकलं.

"मी लावतो, साहेब," मोतद्दार म्हणाला. आठ वर्षांत मालकाचा शब्द त्याने पहिल्यांदाच खोडला होता.

म्हाताऱ्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग हा चिखल?"

तो कुणी आणि का लावला, हे मालकासमोर सांगायला मोतद्दाराची जीभ रेटेना. त्याने मान खाली घातली. म्हातारा मालकाकडे वळला.

"हा घोडा तर मी नेतोय," तो म्हणाला. "पण पुढचं जनावर घ्याल, ते या माणसाच्या हाती देऊ नका."