लेस भिजवायचं घमेलं

सरिताने भावजयीच्या, प्रणिताच्या पुढ्यात कोरा ब्लाउज फेकला. "बाह्यांले क्रोशाची लेस लावून दे. राळेगावच्या बायांत मी माह्याच हातची म्हणून सांगीन. तुले कोण वळखते तिथं?"

सुती दोरा पहिल्या धुण्यात आटतो नि कापडाला चुण्या पडतात, म्हणून प्रणिताने विणलेली लेस दिवसभर घमेल्यात भिजवली, वाळवली आणि मगच शिवली.

हळदीकुंकवाहून सरिता मिरवतच परतली. "पाच जणींनी ब्लाउज देले. लेस माह्याच हातची पाह्यजे म्हणतात. बस आता विणाले!"

"बसतो ना, ताई. नाव मात्र तुमचंच सांगजा," प्रणिता गोड हसून म्हणाली, आणि तिने घमेलं उचलून माळ्यावर पालथं घातलं.