गायिकेच्या शेजारची जागा

दवाखान्यातून फोन आला तेव्हा दफनभूमीचा राखणदार गायिकेच्या कबरीपाशी उभा राहून पाहुण्यांना माहिती देत होता. बायको गेली होती. त्याने फोन खिशात ठेवला आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं.

"...आवाज असा, की रस्त्यावरच्या घोडागाड्या थांबायच्या. शंभर वर्षं झाली त्याला."

"कबर केवढीशी आहे!" एक बाई म्हणाल्या.

"मूर्ती लहान, कीर्ती महान," तो नेहमीसारखं म्हणाला. पाहुणे नेहमीसारखे हसले.

जुन्या भागात एक न्यायाधीश होते, एक सेनापती, पूल बांधणारा इंजिनिअर, आणि अगदी कडेला ही गायिका. त्यांना कोणी हलवत नसे. बाकीच्यांना पंधरा वर्षं. मग हाडं काढायची आणि जागा दुसऱ्याला द्यायची.

दुपारी तो कचेरीत गेला.

"साहेब, हिला गायिकेशेजारी जागा द्या. तेवढंच मागून गेली."

"मामा, मावशींना गाण्याचं भलतंच वेड हो! रोज तीच कबर पुसायच्या. न्यायाधीश बिचारे धुळीत." साहेबांनी चष्मा काढला. "पण जुन्या भागात फक्त नातेवाइकांना जागा मिळते. मावशींचं काही नातं होतं का? असेल तर सांगा, आत्ता सही करतो."

राखणदार म्हणाला, "शंभर वर्षांपूर्वीची बाई ती. नातं कुठलं असणार?"

"तेच म्हणतो मी. उगाच चौकशी लागायची मागे. त्या कवीचा दगड खोटा निघाला, तर दुसऱ्या दिवशी कबर रिकामी केली ना?"

"माहीत आहे. मीच खणली."

साहेबांनी नव्या भागाचा कागद पुढे सरकवला. पंधरा वर्षं. त्याने सही केली.

संध्याकाळी तिला पार पलीकडच्या भिंतीशी पुरलं. माणसं गेल्यावर तो परत आला आणि तिच्याच फडक्याने गायिकेचा दगड पुसू लागला. अक्षरांच्या खाचांतून बोट फिरवलं. ती त्यानेच कोरली होती, बायकोने दगड धरला होता. पोरीच्या कबरीची पंधरा वर्षं भरत आली होती, त्या आठवड्यात.

आईला तिच्याशेजारी आणायचं तेवढं राहिलं.