चारी बाजूंनी व्यासपीठ

पुंडलिकनगरच्या खो-खो मंडळाचे सचिव मधुसूदनराव यांना दरवर्षी एकच घोर: सामन्याला गर्दी जमवायची कशी? जो येतो त्याला बसायचं असतं व्यासपीठावरच. यंदा त्यांनी नामी शक्कल लढवली. पत्रिकेत ‘प्रमुख उपस्थिती’ म्हणून दोनशे नावं छापली, मैदानाच्या चारी बाजूंना खुर्च्या मांडल्या आणि चारीकडं ‘व्यासपीठ’ अशा पाट्या लावून टाकल्या. झाडून सगळे मानकरी कडक इस्त्रीत हजर! फक्त प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नव्हता, म्हणून तासभर खेळ अडला होता.

तेवढ्यात एक म्हातारी आत आली आणि मधुसूदनरावांपाशी थांबली. “दादा, म्या कुठं बसू?”

“पत्रिकेत नाव आहे का, आजी?”

“माझं कशाला आसंल? दौलताबादहून आले म्या.”

“मग नात खेळतेय?”

“नाय बा, माझं कुणी नाय खेळत. निस्ता खेळ बघाया आले.”

मधुसूदनराव बघतच राहिले. सतरा वर्षांत असं माणूस मैदानावर पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी टेबलावरचा सगळ्यात मोठा हार उचलून आजींच्या गळ्यात घातला आणि पंचांना हाक मारली, “प्रमुख पाहुण्या आल्या हो! वाजवा शिट्टी!”