सेवेरिनचं पाऊल

पडदा उघडण्याआधी नृत्यदिग्दर्शिका बोग्नाने सेवेरिनला रंगभूमीच्या उलट्या रिवाजाप्रमाणे शुभेच्छेची हलकी लाथ मारली. “हाडं मोडून घे, गाढवा!” तिच्याच हाताखाली वाढलेला हा साहाय्यक आज पोलंडमधल्या पोझनानमध्ये स्वतःची पहिली नृत्यरचना दाखवत होता. ती समीक्षकाशेजारी बसली. दिवे लागले आणि सगळे नर्तक उजवा पाय फरफटत पुढे आले. बोग्ना खुर्चीत पुढे सरकली. तिची अजून रंगमंचावर न आलेली रचना समोर चालली होती. तालमीत करून दाखवताना ती सेवेरिनला बजावायची, “फरफट उचलू नकोस रे, तो माझा मोडका गुडघा आहे!” त्याने तीही उचलली होती. “काय पाऊल शोधलंय पोराने!” समीक्षक पुटपुटला. शेवटी सेवेरिनने मंचावरून हात पसरले. “बाई, या ना वर!” सगळ्यांसमोर जाब विचारायला बोग्ना पाय फरफटत निघाली. गुरू शिष्याचं पाऊल गिरवतेय असं समजून प्रेक्षक टाळ्या वाजवत उठले.