कडीला राहिलेली पाटी

रेल्वेगाडीच्या डब्याखाली दुरुस्तीला उतरणाऱ्याने आपली लाल पाटी डब्याच्या कडीला अडकवायची आणि बाहेर आल्यावर स्वतःच्याच हाताने काढायची, ही कारखान्याची रीत. पाटी आहे तोवर डबा तसूभरही हलवायचा नाही. मिस्त्री मात्र पाटी तशीच ठेवून घरी जेवायला गेले, जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत.

ब्रेक, चाकं तपासून तयार झालेला डबा तेव्हापासून तिथेच उभा. पाटीला हात लावायला कोणी धजेना. खालून अजून पान्याचा आवाज येतो, असं जो तो कुजबुजायचा. शेवटी मिस्त्रींच्या लेकीला बोलावलं.

"दुसऱ्याची पाटी राहिली की सात पिढ्या उद्धरायचा तुझा बाप, आणि स्वतःच विसरला बघ," मिस्त्रींचा जोडीदार म्हणाला. "आधी वाकून हाक मार पोरी. मग काढ."

"काका, त्या दुपारी उशाशी बसून हाका मारमारून घसा बसला माझा. आता पुन्हा?"

तरी ती गुडघे टेकून वाकली. "बाबा!"

सगळे हातोडे थांबले. चाकांमागच्या काळोखातून ग्रीसचा वास आला, त्यांच्या सदऱ्याला यायचा तोच. आवाज मात्र कसलाच नाही.

तिचे डोळे भरले. "बघा, इथंही ओ देत नाहीत."

"अगं वेडे," जोडीदार म्हणाला, "इथं ओ आली नाही, की माणूस सुखरूप बाहेर पडला म्हणायचं."

मग तिने पाटी काढली.