सिनेमातलं वाक्य

माझ्या भावाने एकच सिनेमा शंभर वेळा तरी पाहिला असेल. त्यातला स्वमग्न भाऊ मोठमोठे गुणाकार तोंडी करतो आणि शेवटी बहिणीचा हात धरून म्हणतो, मला सोडून जाऊ नकोस. तिथे सगळं थिएटर रडतं. आमच्याकडच्याला गुणाकार सोडा, शर्टाची बटणंही लावता येत नाहीत. तेवढं वाक्य मात्र पाठ झालं. जेवताना, मी अंघोळ घालताना, मला कडकडून चावून झाल्यावरसुद्धा तेच, अगदी त्या नटाच्या आवाजात. वर्षभरात मी त्याकडे कान देणं सोडून दिलं.

आज, अशांना कायमचं ठेवून घेणाऱ्या संस्थेत मी फॉर्मवर सही करत होते, तेव्हाही त्याची टकळी चालूच होती. तिथे काम करणाऱ्या मावशींचे डोळे भरून आले.

"मनावर घेऊ नका," मी म्हणाले. "सिनेमातलं आहे. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतो, अक्षर इकडचं तिकडे होत नाही. अर्थ काही कळत नाही त्याला."

"मीही पाहिलाय तो," फॉर्म फायलीला लावून मावशींनी त्याची बॅग उचलली. "पण त्यात तो 'ताई' म्हणतो ना? हा तर कुणा चिमीला म्हणतोय, सोडून जाऊ नकोस."

आई गेल्यापासून मला चिमी कुणीच म्हटलं नव्हतं.