मोकळी जागा

बाकावर ओरिनच्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी होती. सूर्यफुलाच्या बियांची पिशवी पोरांच्या हातोहात फिरत आली आणि त्याच्या अलीकडेच थांबली.

ओरिन मनातून सुखावला. ट्रक वाटेत बंद पडल्यामुळे बेसबॉलचा सामना अर्धा झाल्यावर तो पोचला होता, पण ही रीत त्याला ठाऊक होती. आपला चेंडू टाकणारा पिचर समोरच्यांना एकही फटका मारू देत नसला, की बाकावर बडबड बंद, आणि पिचरशी तर कोणी बोलायचंच नाही. दृष्ट लागते. म्हणजे पोरगा ड्यूई आज रंगात होता. आणि ड्यूईला शिकवलं होतं ओरिनने.

तरुणपणी याच मैदानावर ओरिनने असा एक सामना काढला होता. त्याचे चेंडू झेलणारा हॉलिससुद्धा त्या दुपारी त्याच्याशी बोलला नव्हता. पुढे ओरिनचा खांदा गेला, हॉलिस मॅनेजर झाला, आणि त्यानेच ओरिनला पोरांना शिकवायला ठेवून घेतलं.

ओरिनला पुढच्या हंगामात ठेवणार की काढणार, ते संघाचे मालक आज ठरवणार होते. हॉलिसला विचारायचं ओरिनच्या ओठावर आलं होतं. पण त्याने ते गिळलं. अशा सामन्यात तोंड उघडायचं नसतं.

ड्यूई घाम पुसत आत आला.

"काय रे, धोपटलं ना तुला?" एकाने त्याच्या पाठीत थाप मारली. "तुझी आजी बरी टाकते."

"आजीला मध्ये आणू नकोस. तिचा खांदा शाबूत आहे."

सगळे हसले. मग एकदम गप्प झाले, आणि कोणी ओरिनकडे पाहिलं नाही. म्हणजे ड्यूईला फटके बसले होते; ही चुप्पी त्याच्यासाठी नव्हती.

ओरिनने हळूच हॉलिसकडे मान वळवली. हॉलिस बुटाची नाडी बांधत होता. ती बांधलेलीच होती.

"कधी ठरलं?"

"सकाळी."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"सामना संपू दे म्हटलं, लेका."

"तेव्हा माझ्या सामन्यात तुला दृष्टीची भीती होती," ओरिन म्हणाला. "आज कशाची होती रे?"

हॉलिसने बियांची सालं थुंकली.

फोड फुटल्यासारखं सगळ्यांना मोकळं वाटलं. पोरं एकेक करून सरकत आली आणि ओरिनला दोन्हीकडून खेटून बसली, जिंकलेल्या पिचरला बसतात तशी. कोणीतरी बियांची पिशवी त्याच्यापुढे धरली.